दोन बोटं खाली

रविवारी सकाळी नसरापूरच्या चेलाडी फाट्यावर चहाला थांबलात तर एक दृश्य हमखास दिसतं. पुण्याहून चार-पाच गाड्या येतात. गाड्या लहान, आवाज मोठा. त्यांतून सुशिक्षित, पगारदार, घरी पाण्याचा पेलासुद्धा जागचा न हलवणारी माणसं उतरतात आणि थेट रस्त्याकडेला उकिडवी बसतात. प्रत्येक जण टायर आणि वरचा पत्रा यांच्यामधल्या फटीत बोटं घालतो, मान तिरकी करतो आणि गंभीर होतो. परवा बनेश्वराला निघालेले एक आजोबा त्यांच्यापाशी थांबले.

"काय पडलंय का रं पोरांनो?"

"नाही आजोबा, गॅप बघतोय."

आजोबांनी गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघितलं. "मोकळीच हाय की," म्हणाले आणि देवाला गेले.

ह्या फटीला मोजपट्टी चालत नाही. ती बोटांतच मोजायची, असा दंडक आहे. कंपनीतून गाडी येते तेव्हा चाकावर अख्खी मूठ मावते. अशा गाडीकडे ही मंडळी कणवेनं बघतात. तीन बोटं म्हणजे संसारी माणूस, दोन म्हणजे जाणकार, एक म्हणजे रेसिंगवाला. बोटच जात नसेल तर ह्या माणसाला गावाकडं कुणी नाही, असं समजावं. अडचण एवढीच, की बोटं कुणाची हे कुठंच लिहिलेलं नाही. माझ्या भाच्याची बोटं कीबोर्डवर वाढलेली. आमच्या गॅरेजवाल्या अण्णांचं एक बोट म्हणजे भाच्याची पावणेदोन. त्यामुळे नसरापुरात दोन बोटांवर बसवलेली गाडी पुण्याला पोहोचेपर्यंत साडेतीन बोटांची होते, आणि मालक पुढच्या रविवारी तक्रार घेऊन हजर.

फट कमी-जास्त करण्याचं जे साधन, त्याला कॉइलओव्हर म्हणतात. शॉकपच्या नळीला बाहेरून आटे पाडलेले असतात, आट्यांवर दोन कड्या आणि कड्यांवर स्प्रिंग. कडी फिरवली की गाडी वर किंवा खाली. शॉकपच्या टोकाला करंगळीच्या पेराएवढं बटण असतं. ते फिरवलं की बारीक 'टिक' होतं आणि शॉकप मऊ किंवा कडक होतो. कुणाच्या बटणाला १६ टिका, कुणाच्या ३०. जर्मनीचे बिलस्टाइन आणि केडब्ल्यू, स्वीडनचे ओलिन्स, जपानचे टाइन, तैवानचे बीसी, अशी घराणी आहेत. स्थळं पाहावीत तशी ही नावं पाहिली जातात आणि शेवटी तिथल्यासारखंच सगळं पैशावर अडतं. चारही चाकांचा बरा संच घ्यायचा तर लाखाची भाषा बोलावी लागते.

भाच्याकडे पोलो जीटी आहे. चाकणला बनलेली. २०२२मध्ये पोलो भारतात बनायची बंद झाली, तेव्हापासून तो तिच्या बाबतीत हळवा झालाय. पुणे-सातारा रस्त्याचं सहापदरीकरण २०१०मध्ये सुरू झालं तेव्हा हा पोरगा चौथीत होता. आता त्याला पीएफ आहे, ईएमआय आहे आणि मतं आहेत. सोमवार ते शुक्रवार तो त्याच गाडीनं हिंजवडीला जातो आणि रविवारी त्याच गाडीनं भोरवरून वरंध घाटाकडे. म्हणून त्याला असं सस्पेन्शन हवं होतं, जे पाच दिवस आज्ञाधारक राहील आणि रविवारी पहाटे पाचला अंगात येईल.

"मामा, तुम्ही पण घ्या," तो म्हणाला.

"मला कशाला?"

"दोन संच घेतले तर सूट आहे."

सूट म्हटल्यावर मी खुर्ची पुढे ओढली. माझ्या हॅचबॅकच्या पुढच्या डाव्या चाकातून काही दिवस खटखट येत होती. आजवर मी ती रेडिओचा आवाज वाढवून दुरुस्त करत आलो होतो. आता त्या खटखटीत मला संधी ऐकू येऊ लागली. घरात विषय काढला.

"म्हणजे नेमकं काय होतं त्यानं?" बायकोनं विचारलं.

"गाडी हवी तेवढी वर घेता येते, हवी तेवढी खाली घेता येते."

"आणि तुम्ही कुठं ठेवणार?"

"मधे."

"आत्ता कुठं आहे?"

मी चष्मा पुसायला घेतला.

अण्णांकडे गेलो. अण्णांनी गाडी जॅकवर घेतली, चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, खाली शिरून पान्याच्या टोकानं दोन ठिकाणी टोचलं. "लिंक रॉड गेलाय. लोअर आर्मचं बुश बी गेलंय. संध्याकाळपर्यंत देतो."

"नको अण्णा. मी सगळं सस्पेन्शनच बदलतोय."

अण्णांनी चिंध्यांनी हात पुसले. "डोस्कं दुखतंय म्हणून मुंडकं बदलताय," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या गाडीखाली गेले.

शेजारचे तात्या पिकअपवाले. वेल्ह्याकडचा तांदूळ भरून मार्केट यार्डला नेतात. त्यांच्या मते चाकाला स्प्रिंग लावणं हीच मुळात चैन. "आमच्या गाडीला मागं पाटे आहेत, पाटे! पोती भरा, काही होत नाही. रिकामी असली तर मात्र डायवर सीटवर टिकत नाही, एवढंच." तात्यांना इतिहासाचाही नाद आहे आणि तो ते कुठंही लागू करतात. बनेश्वरच्या देवळात १६८३ सालची पोर्तुगीज घंटा आहे. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतून ती आली, असं सांगतात. तात्या म्हणाले, "वसईहून इथवर आली ती. मधे घाट लागला असंल की नाही? कुठल्या शॉकपवर आली? तुझ्या तैवानच्या?"

ह्याला उत्तर नव्हतं. मी भाच्याला फोन लावला.

भाचा आकड्यांत बोलतो. "मामा, पुढं सहा किलो, मागं पाच किलो घेऊ."

"किलो कशाचे?"

"स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला किती किलो लागतात, त्याचे. कंपनीची मागची स्प्रिंग अडीचची धरा."

भोर-वेल्ह्याच्या माणसाला किलो म्हटलं की तांदूळच सुचतो. आंबेमोहोराचं ५० किलोचं पोतं डिकीत टाकलं तर मागच्या दोन स्प्रिंगांवर पंचवीस-पंचवीस किलो येणार. कंपनीच्या स्प्रिंगवर गाडी १० मिलिमीटर बसेल, पाच किलोवाल्या स्प्रिंगवर ५. म्हणजे लाखभर रुपये घालून मी आंबेमोहोराचा अपमान पाच मिलिमीटरनं कमी करणार होतो. भाचा म्हणाला, हिशेब बरोबर आहे, पण दृष्टिकोन चुकीचा आहे.

त्यातच आणखी एक गोष्ट कळली. पोलोसारख्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, तिथे स्प्रिंग शॉकपवरच बसते. मागे मात्र टॉर्शन बीम. तिथे स्प्रिंग एकीकडे, शॉकप दुसरीकडे. दोघांचा संसार वेगळा. म्हणजे चार कॉइलओव्हर म्हणून जो संच घ्यायचा, त्यातले मागचे दोन कॉइलओव्हर नसतातच. "मग पैसे अर्धे का नाहीत?" मी विचारलं. रेंज गेल्याचा आवाज करून भाच्यानं फोन ठेवला.

गाडी किती खाली घ्यायची हे ठरवायला आधी रस्ता मोजावा, असं मला वाटलं. पोलोचं पोट जमिनीपासून १६५ मिलिमीटरच्या आसपास. दोन बोटांचा थाट हवा तर त्यातले ४० गेले. उरले १२५. पाच माणसं बसली की अजून गेले. त्यात आडवा येणार गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसचं गतिरोधकाचं माप ठरलेलं आहे: उंची १० सेंटीमीटर, रुंदी ३.७ मीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटरनं गाडी अलगद चढावी आणि अलगद उतरावी. हे माप मनात घेऊन मी टेप, वही आणि पेन्सिल घेऊन एका सकाळी फाट्यावरून गावाकडे चालत निघालो.

३.७ मीटर रुंदीचा गतिरोधक मला भेटला नाही. भेटले ते सगळे स्वयंभू. एक अपघातानंतर रातोरात उगवलेला. एक लग्नाच्या मांडवापुढे घातलेला. लग्न लागलं, नातवंडं झाली, गतिरोधक आहे तिथंच आहे. एकात पाण्याचा पाइप होता आणि त्याच्यावर नंतर माया म्हणून डांबर घातलेलं. रुंदी बहुतेकांची माझ्या दोन पावलांएवढी, उंची मात्र महत्त्वाकांक्षी. मी एकापाशी गुडघे टेकून टेप लावला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"साहेब, बांधकाम खात्याचं का?"

"नाही हो, मी असंच..."

"असंच कोण मोजतंय? आमच्या दारापुढं बी एक टाका की. पोरं लई जोरात नेत्यात गाड्या."

पाहता पाहता दहा-बारा माणसं जमली. प्रत्येकाचं दार रस्त्यालाच होतं. एका मावशींनी मला चहा दिला आणि जागा दाखवली, "हितं. ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत." एकानं माझ्या वहीत आपलं नाव स्वतःच लिहिलं. एक माजी सदस्य आले, परिस्थिती समजून घेतली आणि पाठपुरावा करण्याचं आश्वासन मला दिलं. मी गाडी खाली कशी घ्यावी ह्याचा अभ्यास करतोय, हे त्या सभेत सांगण्याची सोय राहिली नव्हती. पुढच्या पंधरवड्यात त्या खांबाजवळ एक नवा कोरा गतिरोधक उभा राहिला. आमच्या गावात सार्वजनिक काम इतक्या लवकर झाल्याचं दुसरं उदाहरण नाही.

संच घेण्याआधी एकदा बसून बघावं म्हणून भाचा मित्राची कॉइलओव्हर लावलेली गाडी घेऊन आला. योगायोगानं आत्याला वेल्ह्याला वास्तुशांतीला जायचं होतं. आत्या, तांदळाची पिशवी आणि स्टीलचा डबा मागे बसले. मित्र आदल्या रविवारी घाटात जाऊन आलेला, त्यामुळे बटणं तिसाव्या टिकेवर म्हणजे पार कडक. मार्गासनीच्या अलीकडे आत्या म्हणाली, "बाळा, स्टेपनी आहे ना गाडीत?"

"आहे की आत्या."

"मग लावून घे. चाक बसलंय मगाचंच."

चाक बसलेलं नाही, हे असंच असतं, हे आत्याला पटेना. शेवटी भाच्यानं गाडी बाजूला घेतली आणि बटणं मऊ करायला उतरला. पुढची दोन बॉनेट उघडून फिरवता येतात. मागची चाकाच्या आत दडलेली, त्यासाठी रस्त्यावर पाठ टेकून हात वर घालावा लागतो. भाचा झोपला आणि टिका मोजू लागला. बटण उलटं फिरवायचं, पुरं सैल करायचं, तिथून शून्य धरायचं आणि पुढं मोजायचं. सात, आठ, नऊ. एक मोटरसायकल थांबली. "काय लागलं का दादा? पाणी देऊ का?" "नको, नको." किती झाल्या होत्या ते गेलं. पुन्हा शून्य. अकरावर एसटी थांबली. कंडक्टरनं खिडकीतून विचारलं, "कुणी धडकलं काय?" पुन्हा शून्य. दोन्ही बाजू सारख्या झाल्याच पाहिजेत, नाहीतर गाडी वळणावर एकीकडून सभ्य आणि दुसरीकडून उद्धट वागते. भाचा उठला तेव्हा पाठीवर वेल्हे रस्त्याचा नकाशा उमटला होता. उजवी बाजू बारावर होती, डावी बारावर असावी असा त्याचा विश्वास होता.

उतरताना आत्याला विचारलं, "कशी वाटली गाडी?"

"चांगली आहे हो," आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली. "रस्त्यात काय काय आहे, ते सगळं कळतं."

भाच्याचा चेहरा उजळला. "बघा मामा! ह्यालाच फीडबॅक म्हणतात. लोक ह्याच्यासाठी पैसे मोजतात."

खरी मजा ट्रॅकवर आहे, असं तो सारखं सांगतो. त्याच्या तोंडी कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे असतो. नसरापूरहून तो हजार किलोमीटरच्या पलीकडे. तिथल्या दहा-वीस मिनिटांच्या फेऱ्यांसाठी दोन दिवस जाण्यात, दोन दिवस येण्यात, आणि चारही दिवस आत्याला कळलं ते सगळं आपल्याला कळत राहणार. त्यापेक्षा जवळ म्हणून मी चौकशी केली. कोल्हापुरात मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्टिंग चालतं. रेसिंग कार्टला सस्पेन्शनच नसतं, चौकट पिळवटते तेवढीच. आपल्या पट्ट्यातला वेगाचा दुसरा खेळ म्हणजे बैलगाडा शर्यत. डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा सुरू करू दिली आणि मे २०२३मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. गाड्याला स्प्रिंग नाही, शॉकप नाही, टिका नाहीत. बैलाला शेपटीपाशी एकच बटण असतं आणि ते एकाच दिशेनं चालतं. म्हणजे मराठी माणूस जेव्हा खरोखर जीव खाऊन शर्यत लावतो, तेव्हा त्याच्या बुडाखाली सस्पेन्शन नसतंच. ते लागतं ऑफिसला जायला.

विमा एजंटनं तर वेगळीच भीती घातली. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीच्या पुस्तकातला तपशील निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल, असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये ते स्पष्ट केलंय. "साहेब, गाडीत काही बदल केलाय का?" त्यानं विचारलं.

"अजून नाही. जरा खाली बसवायचा विचार आहे."

"तुम्ही खाली बसवा, क्लेमच्या वेळी ते तुम्हाला उभं करतील. आधी लेखी विचारा."

ह्या सगळ्यानंतर मी सूट सोडली. भाच्यानं मात्र संच घेतला. खोकं अण्णांच्या गॅरेजात उघडलं तेव्हा अख्खा रस्ता बघायला आला. सोनेरी कड्या, निळे आटे, वर चमकणारी बटणं. अण्णांनी एक नळी हातात घेऊन नवरीचा दागिना बघावा तशी फिरवून पाहिली. "माल चांगला हाय," म्हणाले. कड्या फिरवायचा चंद्रकोरीसारखा पाना खोक्यात एकच होता आणि तो दुपारपर्यंत हरवला. मग अण्णांनी छन्नी आणि हातोडी घेतली. पहिला ठोका कडीवर बसला तेव्हा भाच्यानं तोंड फिरवलं. शेवटी समोरच्या पंक्चरवाल्याकडे पाना सापडला. तो त्यानं चहाच्या पातेल्याला सांडशी म्हणून वापरायला नेला होता.

गाडी दोन बोटांवर बसली. दिसली सुरेख. फोटो निघाले. संध्याकाळी पुण्याला जाताना खांबाजवळच्या नव्या गतिरोधकावर ती मधोमध टेकली आणि अशी थांबली, की चारही चाकं असून उपयोग नव्हता. मावशींनीच चार माणसं जमवून ढकलून दिली. भाच्याला सांगितलंसुद्धा, "तुझ्या मामांनीच मंजूर करून आणलाय हो."

पुढच्या रविवारी कड्या तीन बोटांवर गेल्या. उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात, म्हणून अलाइनमेंट. तेवढं टाळलं तर टायर आतल्या कडेनं झिजतात. मग पावसाळा आला. भातलावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरनं रस्त्यावर आणलेला चिखल आट्यांत बसला आणि वाळून पक्का झाला. अण्णांनी तारेच्या ब्रशनं आटे घासले, ग्रीस लावलं आणि सायकलची जुनी ट्यूब कापून प्रत्येक नळीला बाही शिवली. सोनेरी कड्या, निळे आटे सगळं झाकलं गेलं. मग दिवाळीत सगळ्यांनी मिळून गोव्याला जायचं, म्हणून आणखी एक बोट वर. पुन्हा अलाइनमेंट. आता अलाइनमेंटवाला भाच्याला बघितलं की चहा सांगतो आणि "नेहमीचंच ना?" विचारतो.

आज ती पोलो कंपनीनं चाकणला जेवढी उंच ठेवली होती, बरोबर तेवढ्या उंचीवर उभी आहे. चाकावरच्या फटीत अण्णांची मूठ आरामात मावते. भाचा म्हणतो, फरक आहे. आधी ती उंच होती, आता ती उंच ठेवलेली आहे. माझ्या गाडीला लिंक रॉड, बुश आणि चार साधे नवे शॉकप बसले. शॉकप बनवणाऱ्या गॅब्रिएलचा कारखाना चाकणलाच आहे आणि कंपनी १९६१पासून ह्याच धंद्यात आहे, हे मला अण्णांनी सांगितलं. तैवानचं कुणी सांगायच्या आत सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं बायको म्हणाली. खटखट गेली. रेडिओ किती मोठ्यानं लागतो, हे त्या दिवशी कळलं.

तेव्हा घेणाऱ्यांना एवढंच सांगणं. कॉइलओव्हर जरूर घ्या, वाईट वस्तू नाही. पण निवडताना रविवारचा घाट डोळ्यांपुढे आणू नका, मंगळवारचा रस्ता आणा, आणि मागच्या सीटवर घरातलं सगळ्यांत स्पष्ट बोलणारं माणूस बसवून एक फेरी मारा. त्याआधी बुश तपासा, अलाइनमेंट करा, विमावाल्याला लेखी विचारा. स्प्रिंग मऊ घ्या, उंची जरा राखून ठेवा, टिका एकदा लावल्या की वहीत लिहून बटण विसरून जा. आणि काहीही झालं तरी टेप घेऊन रस्ता मोजायला जाऊ नका. आमच्याकडे अजून बऱ्याच दारांपुढं जागा शिल्लक आहे.